पाऊल कोण मोजते?

पावसाळ्याच्या सुरुवातीला हिंगोली जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून दिंड्या जाऊ लागतात. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे आणि विदर्भातून पंढरपूरला पायी निघालेल्या दिंड्यांची वाटही इकडूनच जाते. त्याच दिवसांत रस्त्याकडेच्या हळदीच्या नाहीतर कापसाच्या शेतात बायका ओळीने उकिडव्या बसून खुरपत असतात. दिवसभरात त्या बसल्या-बसल्याच शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकतात.

आता अशी कल्पना करा, की दिंडीतल्या एका वारकऱ्याच्या बंडीच्या खिशात आणि खुरपणाऱ्या एका बाईच्या कमरेच्या बटव्यात आपण एकाच प्रकारचा मोबाइल ठेवला. संध्याकाळी दोन्ही फोन उघडून पाहिले तर वारकऱ्याच्या फोनवर वीस-पंचवीस हजार पावले दिसतील. बाईच्या फोनवर घरापासून शेतापर्यंत जाण्यायेण्याची पावले तेवढी दिसतील. मधले सहा-सात तास जणू घडलेच नाहीत!

फोन खोटे बोलला का? नाही. बिघडला का? तसेही नाही. त्याला जे मोजायला शिकवले होते तेच त्याने मोजले. पण मग त्याला काय मोजायला शिकवले आहे, कोणी शिकवले आणि कोणाच्या चालण्यावरून शिकवले, हे प्रश्न उरतात. त्यांची उत्तरे शोधायची तर माणसाच्या अंगावर बांधून त्याची हालचाल टिपणाऱ्या यंत्रांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो. तो इतिहास पॅरिस आणि टोकियोमधून फिरत पवईला येतो, आणि हिंगोली जिल्ह्यातल्याच औंढा नागनाथलाही येऊन पोचतो.

माणूस हेच यंत्र

पावले मोजण्याची सगळ्यात विश्वासार्ह पद्धत एकेकाळी माणूस हीच होती. १९व्या शतकात हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला तिबेटचा नकाशा हवा होता, पण तिथे परकीयांना प्रवेश नव्हता. म्हणून डेहराडूनला काही पहाडी माणसांना तयार करण्यात आले. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे कुमाऊँचे नैनसिंह रावत. चढ असो वा उतार, पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे, असा सराव त्यांना देण्यात आला होता. दोन हजार पावलांचा एक मैल, असा तो हिशेब. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. माळ एकदा पूर्ण फिरली की १० हजार पावले, म्हणजे पाच मैल. १८६५-६६ च्या प्रवासात त्यांनी या रीतीने सुमारे १२०० मैलांचा रस्ता मोजत नेला. आपण गुणाकार केला तर ही सुमारे २४ लाख पावले होतात.

इथे संवेदक आणि गणकयंत्र, दोन्ही कामे एकच माणूस करत होता. पाऊल पडले हे त्याला कळत होते, कारण ते त्याने स्वतःच टाकलेले होते. यंत्राची अडचण नेमकी इथूनच सुरू होते. यंत्राला पाऊल म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याला फक्त धक्का कळतो.

धक्क्यावर चालणारी पावलमापके युरोपातल्या घड्याळजींनी १८व्या शतकातच बनवली होती. खिशातल्या घड्याळासारखी एक डबी. आत एका तरफेला वजन आणि वजन वर उचलून धरणारी हलकी स्प्रिंग. पाऊल पडले की वजन खाली झुकायचे, स्प्रिंग त्याला परत वर घ्यायची आणि प्रत्येक हेलकाव्यागणिक एक दातेरी चाक एक दाता पुढे सरकायचे. चाकाला काटा जोडला की झाले पावलमापक. पाऊल ओळखण्याची बुद्धी या डबीत कुठेच नव्हती. स्प्रिंग किती ताठ ठेवायची, एवढाच निर्णय घड्याळजीच्या हाती होता. स्प्रिंग फार ताठ केली तर हलकी पावले सुटत. फार सैल ठेवली तर एका पावलाची दोन होत. हा निर्णय लहानसा वाटतो, पण आजच्या फोनमध्येही तोच निर्णय निराळ्या रूपात घ्यावा लागतो. तो आपण पुढे पाहू.

डोक्यावरचे शिसे

चालणे हा शास्त्राचा विषय झाला तो १९व्या शतकात. जर्मनीत विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या भावांनी १८३६ मध्ये माणसाच्या चालण्याच्या यांत्रिकीवर ग्रंथ लिहिला. पण चालणाऱ्या माणसाच्या अंगावर यंत्र चढवून चालण्याकडूनच त्याची नोंद लिहवून घेतली ती फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे (१८३०-१९०४) यांनी. मारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. मनगटाच्या नाडीचा आलेख कागदावर उमटवणारे यंत्र त्यांनी आधीच सुधारले होते. नाडी लिहिता येते तर चाल का नाही, असा त्यांचा विचार.

त्यांचा जोडा मोठा गमतीचा होता. जाड रबरी तळव्याच्या आत एक पोकळी. पाय जमिनीवर टेकला की पोकळीतली हवा दाबली जायची. तो दाब रबरी नळीतून धावणाऱ्याच्या हातातल्या नोंदयंत्रापर्यंत जायचा. तिथे पातळ पडदा फुगायचा, त्याला जोडलेली काडी हलायची आणि काजळी चढवलेल्या फिरत्या नळकांड्यावर पांढरी रेघ उमटायची. नोंद सुरू करायची असेल तेव्हा धावणाऱ्याने हातातला रबरी चेंडू दाबायचा. दोन्ही पायांच्या दोन रेघा शेजारी शेजारी पाहिल्या की चालताना एक तरी पाय नेहमी जमिनीवर असतो आणि धावताना काही क्षण दोन्ही पाय अधांतरी असतात, हे डोळ्यांनी दिसू लागले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्राण्यांचे यंत्र’ या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात मारे यांनी माणसाच्या आणि घोड्याच्या चालींच्या अशा नोंदी दिल्या आहेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची वस्तू मात्र धावणाऱ्याच्या डोक्यावर होती. तिथे तसाच एक हवेचा डबा बसवलेला असे आणि त्याच्या तरफेच्या टोकाला शिशाचा तुकडा. माणसाचे शरीर वर उचलले गेले की डोके वर जायचे, डबाही वर जायचा, पण शिसे जडत्वामुळे मागे राहायचे. शरीर खाली आले की शिसे वर रेंगाळायचे. हे मागे-पुढे होणे नळीतून खाली जाऊन कागदावर उमटायचे.

बसने अचानक ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात, हे उदाहरण आपण जडत्व शिकवताना नेहमी देतो. मारे यांनी धावणाऱ्या माणसाला बस केले आणि शिशाला प्रवासी! माणसाने अंगावर वागवलेला त्वरणमापक तो हाच. पुढच्या दीडशे वर्षांत शिशाच्या जागी दुसरे पदार्थ आले, नळीच्या जागी विजेची तार आली, पण लवचीक आधाराला अडकवलेले वजन आणि त्याचे मागे राहणे, ही कल्पना बदललेली नाही.

इथे विद्यार्थ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की व्हायला हवी. वजन किती मागे राहिले यावरून माणूस कुठे आहे हे कळत नाही. त्याचा वेग किती आहे हेही कळत नाही. वेग किती झपाट्याने बदलतो आहे, एवढेच कळते. बाकी सगळे आपण त्यावरून अनुमानाने काढतो.

हृदयाकडून मोटारीकडे, मोटारीकडून खिशात

मारे पुढे छायाचित्रणाकडे वळले. जर्मनीत लाइपझिगला ब्राऊन आणि फिशर यांनी १८९१ मध्ये एका सैनिकाच्या अंगावर चमकणाऱ्या वायूच्या नळ्या बांधून अंधारात त्याची चाल टिपली. त्यावरून प्रत्येक अवयवाची त्रिमितीतली गती हाताने आकडेमोड करून काढायला त्यांना अनेक वर्षे लागली. नोंद अचूक होती, पण माणूस प्रयोगशाळेबाहेर जाऊ शकत नव्हता. चित्रांमागून हालचाल शोधणारी ही शाखा आजही चालू आहे. मात्र शेतात, रस्त्यावर, घरात माणूस जसा हलतो तसा पाहायचा तर संवेदक त्याच्याबरोबरच गेला पाहिजे. १९७३ मध्ये इंग्लंडच्या मॉरिस यांनी नडगीवर पाच त्वरणमापक बांधून पायाची गती काढण्याची पद्धत मांडली. पद्धत बरोबर होती, पण तेव्हाचे संवेदक महाग आणि हाताळायला अवघड होते.

वाट मोकळी झाली ती १९७९ मध्ये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉयलन्स आणि अँजेल यांनी सिलिकॉनच्या चकतीतूनच एक बारीक पट्टी आणि तिच्या टोकाचे वजन कोरून काढले. पूर्ण संवेदकाची लांबी होती ३ मिलिमीटर आणि वजन ०.०२ ग्रॅम. हृदयाच्या भिंतीची हालचाल मोजण्यासारखी वैद्यकीय कामे त्यांच्या डोळ्यांपुढे होती. आयसी ज्या रीतीने एकाच वेळी शेकड्याने बनतात त्याच रीतीने हे संवेदक बनवता येत होते, ही त्यातली खरी मोठी गोष्ट.

तरीही ते स्वस्त झाले ते हृदयामुळे नव्हे, मोटारींमुळे. मोटार कशावर तरी आदळली हे ओळखून हवेची पिशवी क्षणात फुगवायला त्वरणमापक लागतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲनालॉग डिव्हायसेस या अमेरिकी कंपनीने यासाठी एकाच चिपवर वजन, आधार आणि विद्युतमंडल असलेला संवेदक बाजारात आणला. त्यात सिलिकॉनच्या कंगव्यासारख्या दोन रचना एकमेकींच्या दात्यांमध्ये दाते घालून असतात, पण एकमेकींना शिकत नाहीत. एक कंगवा स्थिर, दुसरा वजनाला जोडलेला. वजन सरकले की दात्यांमधले अंतर बदलते आणि त्यामुळे त्यांची विद्युत धारकता बदलते. म्हणजे शाळेतल्या कंडेन्सरचाच हा प्रयोग, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात. लाखो मोटारींसाठी ते बनू लागल्यावर किंमत उतरली. मग ते खेळण्यांत आले, आणि फोन आडवा धरला की चित्र आडवे व्हावे एवढ्यासाठी फोनमध्ये आले. पावले मोजणे हे त्यानंतर सुचलेले काम.

दहा हजारांचा आकडा

दिवसाला १० हजार पावले चाला, हा सल्ला आज सगळीकडे ऐकू येतो. नैनसिंहांच्या माळेचा एक फेराही १० हजारांचाच होता, पण या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली होती. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचे पावलमापक विकायला काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. वस्तूचे नावच लक्ष्य होऊन बसले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. त्यांनी कमरेला त्वरणमापक बांधला होता. दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि साधारण ७,५०० पावलांच्या पुढे फायदा फारसा वाढताना दिसला नाही. मोजायचे यंत्र आधी आले, आकडा यंत्राच्या नावावरून ठरला आणि त्याची नीट तपासणी पुढे अर्ध्या शतकानंतर झाली, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

धक्क्याचे पाऊल कसे होते

आता फोनच्या आत पाहू. टेबलावर स्थिर पडलेल्या फोनमधला त्वरणमापक शून्य दाखवत नाही. तो सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग दाखवतो. कारण आतले वजन गुरुत्वाकर्षणाने आपल्या आधारावर भार टाकतच असते. याचा तोटा असा, की हालचालीमुळे झालेले वजनाचे सरकणे आणि गुरुत्वामुळे झालेले सरकणे यांत संवेदकाला फरक करता येत नाही. फायदा असा, की फोन स्थिर असेल तर ‘खाली’ कोणती दिशा आहे हे कळते, आणि त्यावरून अवयव किती कलला आहे हे सांगता येते. हालचाल आणि कल वेगळे काढण्यासाठी त्वरणमापकाच्या जोडीला वळण्याची गती मोजणारा जायरोस्कोप देतात.

दुसरी अडचण गणिताची आहे. त्वरणाचे एकदा संकलन केले की वेग मिळतो आणि दुसऱ्यांदा केले की अंतर. मग सरळ अंतरच का काढू नये? समजा संवेदकाची चूक फक्त ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढी. अंतरातली चूक काढायला आपले नेहमीचे सूत्र वापरा: अर्धे गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग. १० सेकंदांनी चूक होते अर्धा मीटर. एका मिनिटाने १८ मीटर. दहा मिनिटांनी १८०० मीटर! माणूस वर्गातच बसलेला असतो आणि यंत्राच्या हिशेबाने तो शेजारच्या गावी पोचलेला असतो.

यावर काढलेली युक्ती चालण्याच्या ओळखीतूनच आली आहे. संवेदक जोड्यात बसवला तर प्रत्येक पावलात एक क्षण असा येतो की तळवा जमिनीवर टेकलेला असतो आणि त्याचा वेग शून्य असतो. त्या क्षणी यंत्राला सांगायचे, की आतापर्यंतचा साठलेला वेग चुकीचा आहे, पुन्हा शून्यापासून सुरू कर. अशी चूक एका पावलापुरतीच वाढते आणि पुसली जाते. यंत्राची अचूकता वाढवण्याऐवजी चालण्याचा स्वभाव समजून घेतल्याने प्रश्न सुटला.

खिशातल्या साध्या पावलमोजणीत एवढेही करत नाहीत. धक्का ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा आहे का, दोन धक्क्यांमधले अंतर चालण्यासारखे, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास आहे का, आणि असे काही धक्के सलग आले का, एवढे पाहून ‘पाऊल’ ठरवतात. घड्याळजीच्या स्प्रिंगचा ताठपणा आता आज्ञावलीतला आकडा झाला आहे, एवढाच फरक. म्हणूनच काठी टेकत सावकाश चालणाऱ्या आजीची पावले सुटतात, आणि खडबडीत रस्त्यावरच्या वाहनात बसलेल्याची नसलेली पावले कधी कधी मोजली जातात.

पवईचा उलटा विचार

या विषयातले एक वेधक काम आपल्या महाराष्ट्रात, पवईच्या आयआयटी मुंबईत झाले. तिथे ‘सिलिकॉन लॉकेट’ या नावाने हृदयाचा विद्युत आलेख सतत टिपणारे, अंगावर वागवायचे छोटे यंत्र विकसित होत होते. रुग्णालयात रुग्णाला स्वस्थ झोपवून ईसीजी काढतात. हे यंत्र मात्र चालत्या-फिरत्या माणसाच्या अंगावर राहणार. माणूस हलला की कातडी ताणली जाते, इलेक्ट्रोड किंचित सरकतो आणि हृदयाच्या आलेखात भलत्याच लाटा मिसळतात. या लाटा म्हणजे गोंगाट. तो गाळून टाकायचा, ही रूढ पद्धत.

तन्मय पवार, सुभाषिस चौधुरी (हे पुढे याच संस्थेचे संचालक झाले) आणि सिद्धार्थ दत्तगुप्ता यांनी प्रश्न उलटा केला. हा गोंगाट हालचालीमुळे येतो ना? मग गोंगाट पाहून हालचाल ओळखता येईल का? त्यांनी स्वस्थ बसणे, चालणे, हात हलवणे, जिने चढणे अशा वेळचे आलेख घेतले आणि प्रत्येक हालचालीचा गोंगाट कसा दिसतो ते गणिताने वेगळे काढले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, कोणत्या हालचाली एकमेकींपासून ओळखायच्या आहेत यावर अवलंबून, ७० ते ९८ टक्के वेळा उत्तर बरोबर आले. वेगळा त्वरणमापक न लावताही हृदयाचे यंत्रच अंगाच्या हालचालीचे संवेदक झाले. रुग्णाच्या दृष्टीने याला अर्थ आहे. नाडी जलद झाली ती जिना चढल्यामुळे, की बसल्या जागी, हे डॉक्टरांना कळायलाच हवे.

म्हणजे एखादी लाट नोंद आहे की गोंगाट, हे लाटेवर लिहिलेले नसते. आपण काय शोधतो आहोत त्यावरून ते ठरते.

औंढ्याचे आरसे

याची दुसरी बाजू पाहायला पुन्हा हिंगोली जिल्ह्यात यायला हवे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे, अशी या वेधशाळेची रचना. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीमुळे भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान फरक पडतो, तो टिपायचा.

अशा यंत्राला माणसाची हालचाल हा शुद्ध गोंगाट. वाहने, यंत्रे, माणसांची वर्दळ यांनी जमिनीत उठणारी कंपने साधारण सेकंदाला एक ते दहा अशा गतीची असतात, आणि माणसाची पावले सेकंदाला सुमारे दोन पडतात. म्हणून अमेरिकेतल्या लायगोमध्ये प्रत्येकी ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीने टांगलेले आहेत. त्यांच्या आधाराच्या चौथऱ्यावर कंपने टिपणारे संवेदक आहेत. चौथरा जितका हलतो तितकेच त्याला उलट ढकलून स्थिर ठेवले जाते. त्या संवेदकांत काय असते? स्प्रिंगला टांगलेले वजन! २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोली परिसराला ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले, त्यांची नोंद करणारे भूकंपमापकही याच तत्त्वाचे. मारे यांच्या धावपटूच्या डोक्यावरचे शिसे, वारकऱ्याच्या खिशातला फोन आणि औंढ्याच्या आरशांचे राखणदार हे एकाच घराण्यातले आहेत. एकाला पाऊल हवे असते, दुसऱ्याला तेच नको असते.

खुरपणाऱ्या बाईचे काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. बसून केलेली खुरपणी फोनला का दिसली नाही? कारण त्याच्या आज्ञावलीत हालचाल म्हणजे ताठ उभ्या माणसाचे नियमित चालणे, असे गृहीत धरलेले आहे. तो तपासला गेला तो मुख्यतः खुर्चीवर बसणाऱ्या आणि फूटपाथवर चालणाऱ्या माणसांवर. उकिडवे बसून पुढे सरकणे त्याच्या लेखी हालचाल नव्हे, जास्तीत जास्त गोंगाट.

असा अनुभव आपल्या देशाला यापूर्वी कृत्रिम पायाच्या बाबतीत आला होता. पाश्चात्त्य पद्धतीचा पाय जोड्यात घालून चालायला चांगला होता. पण तो लावून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात अनवाणी जाता येत नसे. रुग्ण तो घरी नेऊन कोपऱ्यात ठेवत. जयपूरचे शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचा, घोट्यात सर्व बाजूंना वळणारा पाय घडवला, तो या गरजा समोर ठेवून. या कामासाठी सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाय बनवण्याआधी माणूस त्या पायाने काय काय करणार आहे हे पाहिले, हेच त्या यशाचे मर्म.

संवेदकाच्या बाबतीतही हे करता येते, आणि त्याला नवे भौतिकशास्त्र लागत नाही. संवेदक कमरेऐवजी मांडीला बांधा. माणूस उभा असेल तर मांडी उभी. खुर्चीवर बसला तर आडवी. उकिडवा बसला तर गुडघा खुब्याच्याही वर, म्हणजे कल आणखी पुढचा. ‘खाली’ कुठे आहे हे त्वरणमापकाला कळतेच, त्यामुळे या तीन स्थिती वेगळ्या ओळखता येतात. दुसरा संवेदक मनगटावर बांधला तर खुरप्याचा ठेका कळेल. मग सहा तास उकिडवे बसणाऱ्या बाईच्या गुडघ्यावर आणि कमरेवर किती काळ भार होता, हे आकड्यांत मांडता येईल. जे श्रम आकड्यांत येत नाहीत ते विश्रांतीसारखे दिसतात, आणि पुढे विमा, आरोग्य, मजुरी यांचे निर्णय अशा आकड्यांवरून होऊ लागले तर तो गैरसमज महागात पडेल. म्हणून ही चूक आजच दाखवून द्यायला हवी.

वर्गात करून पाहण्यासारखे

त्वरणमापकाचे आकडे पडद्यावर दाखवणाऱ्या मोफत आज्ञावल्या मिळतात. एक फोन पुरे. फोन टेबलावर ठेवून ९.८ चा आकडा मुलांना दाखवा आणि फोन स्थिर असताना हे त्वरण कुठून आले, ते विचारा. फोन तिरपा धरून तोच आकडा तीन अक्षांत कसा वाटला जातो ते पाहा. मग तो एका विद्यार्थ्याच्या कमरेला, मग मांडीला, मग मनगटाला कापडी पट्टीने बांधून प्रत्येक वेळी मोजून शंभर पावले चालायला सांगा. फोनने किती मोजली ती फळ्यावर लिहा. फोन मिळत नसेल तर रबराला टांगलेला खडू हातात धरून चाला. त्याचे हेलकावे पाहूनही मुद्दा कळतो.

शेवटी मुलांना सांगा: घरी आई, आजोबा, शेतावरची माणसे दिवसभरात कोणकोणत्या हालचाली करतात, त्यांची यादी करा. जात्यावर दळणे, कापूस वेचणे, शेण सारवणे, सायकल हाणणे. यांतली कोणती फोनला पाऊल वाटेल, कोणती अजिबात दिसणार नाही, आणि ती दिसायची असेल तर संवेदक शरीरावर कुठे बांधाल? उत्तरे निरनिराळी येतील आणि त्यावर वादही होईल. तो होऊ द्यावा. संवेदकाची रचना अशा यादीपासून सुरू होते. चिप पुढे येते.